छर्रा जड घ्यावा का हलका? राऊच्या माळावरचा वारा आणि आपली एअर रायफल

मे महिन्यात दुपारी माळव्यात जो वारा सुटतो, पश्चिमेचा, गरम, धूळ घेऊन येणारा, तो इंदूरमध्ये घरांच्या आड फारसा कळत नाही. पण महूच्या रस्त्याने राऊ ओलांडून मोकळ्या शेतात आलं की लगेच कळतो. ४५ मीटरवर कागद लावलाय, रायफल तीच, दुर्बीण तीच, हात पण तोच, आणि सकाळी एका रुपयाएवढ्या जागेत बसणारे छर्रे दुपारी चार बोटं उजवीकडे जातात. आता अशा वेळी दुकानदार काय सांगतो, हलका घ्या, फास्ट जातो, फास्ट गेला की वाऱ्याला वेळच मिळत नाही. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण ते चूक आहे, आणि का चूक आहे तेच आज बघायचंय.

आधी वजनाचं बोलू. छर्र्याच्या डबीवर ग्रेन लिहिलेलं असतं, आणि एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलीग्रॅम. इंदूरच्या माणसाला हे समजवायला सराफा बरा. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. पॉइंट १७७ चा म्हणजे साडेचार मिलीमीटरचा नेहमीचा गोल डोक्याचा छर्रा ८.४४ ग्रेनचा, एका तोळ्यात असे २१ बसतात. त्याचाच जड भाऊ १०.३४ ग्रेनचा, तो १७ बसतो. फरक बघायला गेलं तर किती, दोन ग्रेन पण नाही. हातात घेऊन कळणार सुद्धा नाही, सोनाराचा काटाच पाहिजे.

इथे शेतात एक मामा आणि त्यांची भाची नेम धरतायत. भाची दहावीत आहे आणि तिने जो प्रश्न विचारला तो मला वाटतं या सगळ्या विषयाचा गाभाच आहे.

"मामा, जड छर्रा तर हळू जातो. मग उलट वारा त्याला जास्त वेळ ढकलणार ना?"

"अगं, पोचायला किती वेळ लागला ते नको बघू. वाटेत वेग किती गमावला ते बघ."

मामांचं हे एक वाक्य नीट उलगडू या. आपल्याला वाटतं वारा बाजूने येतो आणि छर्र्याला धक्का मारतो. खरं म्हणजे छर्रा पुढे जाताना हवा त्याला मागे ओढत असते, सतत, आणि ही ओढ वाऱ्याच्या ओढीपेक्षा खूप मोठी असते. आता ती हवाच जर आडवी सरकत असेल तर मागे ओढणारी ही ताकद सरळ मागे न लागता थोडी तिरकी लागते, आणि त्या तिरकेपणाचा जो आडवा हिस्सा, तोच छर्र्याला बाजूला नेतो. म्हणजे ज्याला हवा कमी ओढते त्याला वारा पण कमी हलवतो. साचा तोच असला आणि वजन जास्त असलं की त्याच हवेच्या ब्रेकने त्याचा वेग कमी घटतो, इतकं साधं आहे.

हिशोब पण सोपा आहे. वेग अजिबात न गमावता छर्रा किती वेळात पोचला असता आणि प्रत्यक्षात किती वेळात पोचला, या दोन्हीतला उशीर काढायचा आणि त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. १६ ज्यूलची, म्हणजे छर्र्याला १६ ज्यूल ऊर्जा देणारी रायफल धरा. ८.४४ चा छर्रा नळीतून साधारण २४४ मीटर प्रति सेकंदाने निघतो, १०.३४ चा २२० ने. ४५ मीटरपर्यंत हलक्याचा उशीर ढोबळमानाने ०.०३ सेकंद होतो, जडाचा ०.०२२. वारा ४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १४ किलोमीटर, झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतील एवढाच. हलका १२ सेंटीमीटर सरकला, जड ९. आणि लक्षात घ्या, जड छर्रा कागदावर उशिरानेच पोचलाय, तरी कमी सरकलाय.

फुकट काहीच मिळत नाही, जड छर्रा खाली पण जास्त पडतो. याच अंतरावर हलका नळीच्या रेषेपासून २२ सेंटीमीटर पडेल तर जड २५. पण माझं स्पष्ट मत आहे की हे तीन सेंटीमीटर परवडतात, कारण अंतर मोजता येतं, पडणं दर वेळी तेवढंच असतं, दुर्बिणीचे क्लिक फिरवले की काम झालं, आणि वारा मात्र प्रत्येक श्वासाला बदलतो. हां, अंतर नुसतं डोळ्याने ताडायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे जड छर्रा चूक जास्त दाखवतो.

मग सगळ्यांनी सगळ्यात जड घ्यायचा का, १३ ग्रेनच्या वरचा? नाही. स्प्रिंगची रायफल असेल, जी आपल्याकडे बहुतेकांकडे असते, तर तिचा पिस्टन एका ठराविक वजनाला जुळतो, फार जड छर्रा घातला की पिस्टन हवेच्या दाबावर आपटून मागे उसळतो, झटका बदलतो, नेम पसरतो. तिथे ८ ते साडेदहा ग्रेनमध्येच शोधावं. हवेच्या टाकीची पीसीपी असेल तर ती जड छर्रा आनंदाने ढकलते. आणि अगदी पाच-सहा ग्रेनचे ते चमकदार मिश्रधातूचे, त्यांच्या जाहिरातीतल्या वेगावर जाऊ नका. आवाजाच्या वेगाजवळ, म्हणजे ३४० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, हवेची ओढ एकदम वाढते आणि छर्रा डगमगतो. छर्रा बॅडमिंटनच्या शटलसारखा आहे, पुढे डोकं जड आणि मागे पोकळ घेर, तो त्या घेराच्या ओढीने सरळ राहतो, आणि अति वेगात तोच घेर त्रास देतो.

सपाट डोक्याचा छर्रा वाऱ्यात नकोच. तो १० मीटरच्या मॅचसाठी आहे, अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये ज्या प्रकारात सोनं घेतलं तो, बंद हॉलमधला. तिथे दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो. हाच आपला ४ मीटरचा वारा त्या हॉलमध्ये शिरला तर १० मीटरवर सुद्धा छर्रा अर्ध्या सेंटीमीटरच्या वर सरकेल. उघड्या गच्चीवर सराव करणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं, नाहीतर वाऱ्याचा दोष स्वतःच्या हाताला देत बसतात.

अंतराचा एक नियम फार कामाचा आहे. अंतर दुप्पट झालं की सरकणं साधारण चौपट होतं. म्हणून २२ मीटरवर हलका-जड हा वाद पाऊण सेंटीमीटरचा आहे, तेवढ्यासाठी डोकं खपवू नका, नळीला जो आवडतो तो घ्या.

हो, नळीची आवड. हे सगळ्यात वर. एकाच कंपनीच्या दोन रायफली एकाच डबीवर वेगळा नेम दाखवतात. छर्र्याच्या डोक्याचा व्यास ४.५० मिलीमीटर का ४.५२, याने सुद्धा फरक पडतो. जड छर्रा वाऱ्यात तीन सेंटीमीटर वाचवणार आणि तुमच्या नळीतून चार सेंटीमीटर पसरणार असेल तर काय उपयोग? म्हणून मामा आधी पहाटे येतात, वारा पडलेला असताना, शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्यातल्या रात्रीची, गार हवा अजून जायची असते तेव्हा. दोन-तीन वजनांचे पाच-पाच छर्रे वेगवेगळ्या कागदावर. काट्यावर तोलून घेतलेले, कारण स्वस्त डबीत अर्ध्या-अर्ध्या ग्रेनचा फरक निघतो आणि तो कागदावर उभा पसरतो. ज्याचे पाचही कागदावर जवळजवळ बसले तोच दुपारी वाऱ्यात.

दुपारी पण काटकोनात येणारा वाराच पूर्ण धरायचा. नेमाच्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून तिरका आला तर निम्मा. काठीला बांधलेली लोकरीची दोरी एक निशाणापाशी आणि एक नळीच्या पुढे दहा पावलांवर लावा, आणि दोन्ही वेगळं सांगत असतील तर जवळच्या दोरीचं ऐका, कारण सुरुवातीला मिळालेला तिरकेपणा शेवटपर्यंत वाढत जातो.

मागे मातीचा बांध पाहिजे, पाखरांवर कधीच नाही, छर्रे शिशाचे असतात म्हणून हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. भाचीने आता १०.३४ भरलाय, दोरी उजवीकडे उडतेय, ती दोन बोटं डावीकडे धरून थांबलीय, झुळूक परत तेवढीच व्हायची वाट बघत.