पुतळा महाराजांचा, नाव घोड्याचं

(बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आत्ता माझी ओळख करून देताना ताई म्हणाल्या, 'अपंग मुलांना शर्यतीत पळवणारे काका.' प्रेमानं म्हणाल्या, पण त्यात दोन दुरुस्त्या आहेत. आमच्याकडची सगळी काही मुलं नाहीत. एक मुलगी तेवीस वर्षांची आहे आणि एक गृहस्थ तर माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत. दुसरं म्हणजे मी कोणाला पळवत नाही. मी त्यांची चाकांची खुर्ची ढकलतो, शर्यत पळतात ते. हे वाक्य उगाच चढवून बोलल्यासारखं वाटेल, मलाही आधी वाटायचं.

मी रेल्वेत होतो, रुळांच्या देखभालीच्या खात्यात. आमची तपासणी ट्रॉलीवरून चालायची. तुमच्यापैकी रेल्वेवाल्यांनी पाहिली असेल: चार चाकं, वर बाकडं, उन्हाची छत्री, लाल झेंडी. दोन ट्रॉलीमन मागून ढकलत पळणार, एक या रुळावरून, एक त्या. रुळाचा माथा जेमतेम अडीच-पावणेतीन इंच रुंद, त्यावरून पळायचं. वेग आला की उडी मारून मागे बसायचं, वेग मंदावला की पुन्हा उतरायचं. पंचवीस वर्षं मी त्या बाकड्यावर बसलो. संध्याकाळी वहीत लिहायचो, 'आज चौदा किलोमीटर तपासणी केली.' कोणी केली? मी! घाम त्यांचा, तपासणी माझी. आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, कारण रूळ बघायचं काम खरंच माझं होतं. मला कोणी 'बिचारा, दुसऱ्यांना ढकलावं लागतं' असंही म्हटलं नाही.

आता त्याच जागी हातपाय न चालणारी माणसं बसवा. लगेच हिशेब उलटतो. सगळं श्रेय ढकलणाऱ्याला जातं आणि बसलेला होतो सामान.

आपल्या काळ्या घोड्याचंच बघा ना. पुतळा सयाजीराव महाराजांचा, पण रिक्षावाल्याला काय सांगतो आपण? 'काळा घोडा.' महाराज वर बसलेत, नाव मात्र घोड्याचं झालं. महाराजांना फरक पडत नाही. आमच्या लोकांना पडतो.

हे खुर्ची ढकलत शर्यत पळणं ज्यांच्यामुळे जगभर सुरू झालं त्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये डिक हॉइट नावाचे गृहस्थ होते. त्यांचा मुलगा रिक, जन्म 1962 चा. जन्मताना नाळ गळ्याभोवती अडकली, मेंदूला प्राणवायू कमी पडला, सेरेब्रल पाल्सी झाली, म्हणजे हातापायांवर आणि बोलण्यावर ताबा राहिला नाही. एखाद्या संस्थेत ठेवून द्या, असा सल्ला मिळाला. आईबापांनी घरी आणलं. 1972 मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या इंजिनिअरांनी त्याच्यासाठी एक यंत्र केलं. पडद्यावर अक्षरं उजळत जायची, हवं ते अक्षर आलं की रिक डोक्यानं कळ दाबायचा. पहिला शब्द आई येतो की बाबा, याकडे घरच्यांचे डोळे लागलेले. आणि रिकनं लिहिलं, 'गो ब्रुइन्स'! ब्रुइन्स म्हणजे बॉस्टनचा आइस हॉकीचा संघ. दहा वर्षं गप्प असलेल्या आपल्या बडोद्याच्या पोरानं पहिल्यांदा तोंड उघडावं आणि म्हणावं, 'अरे, हार्दिकला बॉलिंग द्या', तसं.

1977 मध्ये एका अपघातात लुळ्या पडलेल्या खेळाडूसाठी पाच मैलांची मदत-शर्यत होती. पंधरा वर्षांचा रिक म्हणाला, मला भाग घ्यायचाय. बापाला पळायची सवय नाही. तरी ढकलत नेलं, शेवटून दुसरे आले. घरी येऊन रिकनं यंत्रावर सांगितलं की पळताना आपण अपंग आहोत असं वाटत नाही. पुढे दोघं मिळून हजारावर शर्यती पळाले, त्यात बॉस्टन मॅरेथॉन 32 वेळा. 1992 मध्ये बावन्न वर्षांच्या बापानं खुर्ची ढकलत मॅरेथॉन काढली 2 तास 40 मिनिटं 47 सेकंदांत. मी मोकळ्या हातांनी पाच तास घेतो!

पण मला त्यातली एक भानगड सगळ्यात आवडते. बॉस्टनवाले सुरुवातीला त्यांना अधिकृत प्रवेश देईनात. मग म्हणाले, पात्रता वेळ गाठा, पण ती मुलाच्या वयोगटाची. म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या बापानं विशीतल्या पोराची वेळ गाठायची. डिकनं 1983 मध्ये तीही गाठली. अट अन्यायाची होती यात वाद नाही. पण गंमत बघा, अडवायला म्हणून घातलेल्या त्या अटीत त्यांनी नकळत कबूल केलं की शर्यत रिकची आहे, घड्याळ त्याच्या वयाचं लावायचं. 2014 नंतर डिकचं शरीर थकलं. पुढच्या वर्षीपासून त्यांच्या गटातले एक दंतवैद्य रिकला ढकलू लागले. ढकलणारा बदलला, रिक तोच.

आता आमच्याकडे येतो. अमेरिकेतल्या काही गटांत बसणाऱ्याला 'कॅप्टन' म्हणतात, तो शब्द आम्ही उचलला. आमची तेवीस वर्षांची कॅप्टन बोलत नाही. डोळे वर केले की हो, उजवीकडे नेले की नाही. मोठं बोलायचं असेल तर तिची आई बाराखडीचा तक्ता धरते आणि 'क ची ओळ? च ची ओळ?' असं विचारत जाते.

पहिल्या सरावाला मी घरातलीच व्हीलचेअर घेऊन पळालो. अडाणीपणा. त्या खुर्चीची पुढची चाकं लहान आणि गरगर फिरणारी असतात. वेग आला की थरथरतात आणि फटीत अडकली की खुर्ची पुढे पालथी होते. तसंच झालं. पेव्हर ब्लॉकच्या फटीत चाक गेलं. पट्टा होता म्हणून ती वाचली, माझा गुडघा फुटला. तिच्या आईकडे बघायची हिंमत होईना. कॅप्टन मात्र हसत होती, अगदी खिंकाळून!

शर्यतीची खुर्ची तीन चाकांची लागते. पुढचं चाक मोठं आणि सरळ बसवलेलं, हँडल ढकलणाऱ्याच्या बेंबीइतकं उंच, हाताशी ब्रेक, आणि ढकलणाऱ्याच्या मनगटाला बांधायचा पट्टा, म्हणजे हात सुटला तरी खुर्ची सुटत नाही. आपल्याकडे गतिरोधक पावलोपावली. तिथे वेग कमी करायचा, हँडल खाली दाबून पुढचं चाक उचलायचं आणि अलगद टेकवायचं. चढाला लोक घाबरतात, पण फ्लायओव्हरचा उतार जास्त वाईट. खुर्ची तुम्हाला ओढते, पाय लटपटतात. आणि मूठ! माझ्या गँगमधला जुना ट्रॉलीमन एकदा सरावाला आला. दोन मिनिटं बघून म्हणाला, "साहेब, एवढं आवळून धरू नका, खांदे जातील. ढकला, सोडा, पुन्हा ढकला." मी त्याला विचारलं, इतक्या वर्षांत हे बोलला का नाहीस? तर म्हणे, "तुम्ही तेव्हा बसलेले होतात."

ढकलणारा घामाघूम होतो, त्याला थंडी कळत नाही. बसलेला हलत नाही, तो जानेवारीच्या पहाटे गारठतो. तेव्हा पांघरूण लागतं. मणक्याला इजा झालेल्यांना खालच्या अंगाची जाणीव नसते, बसून बसून जखमा होतात. म्हणून मधे थांबून भार बदलायचा. पाणी पळता पळता पाजायचं नाही आणि मान मागे करून तर मुळीच नाही, ठसका जातो. सेरेब्रल पाल्सीत अचानक मोठा आवाज झाला की अंग ताठ होतं, हात उडतात. आणि आपल्याकडे शर्यत सुरू कशानं होते? ढोल, भोंगा, फटाके! आम्ही कॅप्टनच्या कानात बोळे घालतो आणि आधी सांगून ठेवतो, आता वाजणार.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग मोजले गेले. 2016 च्या कायद्यानं यादी 7 प्रकारांवरून 21 वर नेली, खेळात भाग घेण्याचा हक्कही लिहून ठेवला. तुम्ही रोज कमाटीबागेत फिरायला जाता, त्यातले किती दिसतात? असो, ते वेगळं व्याख्यान होईल.

कॅप्टनची पहिली दहा किलोमीटरची शर्यत. आम्ही शेवटची रेषा ओलांडली. एका स्वयंसेविकेनं माझ्या गळ्यात पदक घातलं, "काका, तमने सलाम छे!" लोक माझ्याबरोबर सेल्फी काढू लागले. कॅप्टन उजवीकडे बघत होती. नाही. मला वाटलं पदकाचं आहे, मी काढून तिच्या गळ्यात घातलं. तरी उजवीकडे. थंडी वाजतेय? नाही. दुखतंय? नाही. शेवटी आईनं तक्ता काढला. पहिलं अक्षर ट. दुसरं म. आई म्हणाली, "टीम?" मी लगेच भारावलो, डोळ्यांत पाणीबिणी. कॅप्टननं उजवीकडे बघितलं. "टाइम?" डोळे वर!

तिला वेळ हवी होती. आणि वेळ तिच्या नावावर नव्हतीच. शर्यतीच्या क्रमांकाचा बिल्ला एकच मिळालेला, तो माझ्या छातीवर, वेळ मोजणारी चिप त्यातच. निकालाच्या यादीत माझं नाव होतं. वहीतली तपासणी पुन्हा चुकीच्या माणसाच्या नावे!

पुढच्या वर्षी आम्ही आयोजकांशी दोन महिने हुज्जत घातली. बिल्ला खुर्चीला लागला, तिच्या नावानं. वेळ आली एक तास एकवीस मिनिटं. तिनं ती आईकडून फ्रिजवर लिहून घेतली.

तर मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी आज आलोय. यंदा कॅप्टनला एक तास दहाच्या आत यायचंय. माझे पाय आता चौसष्टचे आहेत. मागच्या रविवारी आईनं विचारलं, काकांबरोबर जमेल का? तिनं उजवीकडे बघितलं. मी म्हटलं, नीट विचारा हो. पुन्हा उजवीकडे.

मला काढलंय. पाण्याच्या बाटल्या आणि पांघरूण एवढं माझ्याकडे ठेवलंय. तेव्हा मागच्या रांगेतल्या तरुण मंडळींनो, रविवारी पहाटे साडेपाचला काळ्या घोड्यापाशी या. बूट घालून या, चपला नकोत. तीन किलोमीटर नुसतं तिच्या शेजारून पळायचं, मग निवड ती करेल.