शारदा सदनाचं उघडं दार

मंडळी, नमस्कार. कमिटीकडून फोन आला तेव्हा म्हणाले, ताई, दहा मिनिटं बोला, श्रद्धा, धैर्य, बदलता काळ असं काहीतरी, तुमच्या ख्रिस्ती बाजूने. मी म्हटलं अहो दहा मिनिटांत आमच्याकडे सुरुवातीची प्रार्थनासुद्धा संपत नाही. पण बोलते. मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय, त्यामुळे तुम्ही मला वेळेत थांबवाल याची खात्री आहे.

इथे इंग्लंडात, या मराठी मंडळात मला चौदा वर्षं झाली आणि अजून दर गणपतीत कोणीतरी नवीन भेटतं आणि विचारतं, "ख्रिश्चन? म्हणजे गोव्याच्या का?" नाही हो, नगरची. आताचं अहिल्यानगर. घरात मराठी, चर्चमध्ये मराठी, भजनं पेटी-तबल्यावर, आणि नाताळला करंज्या शंकरपाळे तुमच्या दिवाळीइतकेच. दुसरा घोळ केडगावचा. नगरकराला केडगाव म्हटलं की नगरला लागून असलेलं केडगाव आठवतं. मी ज्या केडगावबद्दल बोलणार आहे ते पुणे-दौंड लाइनवरचं, दौंड तालुक्यातलं. माझी आजी तिथे पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये शिकली. रमाबाईंना तिने पाहिलं नव्हतं, त्या ५ एप्रिल १९२२ला गेल्या, पण रमाबाईंच्या हाताखाली वाढलेल्या बायकांच्या हाताखाली आजी वाढली, त्यामुळे आमच्या घरात शिस्त थेट तिथून आलेली. ताटात भात टाकला की संपलंच. "दुष्काळात आणलेल्या पोरींचं घर आहे ते, तिथे शीत टाकत नाहीत," असं ती आम्हाला नगरमधे बसून सांगायची, जणू अजून केडगावातच आहे.

तर रमाबाई. नाव सगळ्यांनी शाळेत वाचलंय, सनावळीत एका ओळीत उरकलेल्या. पण आपण आत्ता बसलोय त्या हॉलपासून गाडीने पाऊण तासावर वॉन्टेज नावाचं गाव आहे आणि तिथे २९ सप्टेंबर १८८३ला त्यांचा बाप्तिस्मा झाला, हे माझ्या मुलाला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आई, मग आपण कधीच का गेलो नाही? खरंच का नाही गेलो. म्हणून मागच्या ऑक्टोबरमधे गेलो. बाजारचौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा आहे, हातात कुऱ्हाड. तो १८७७चा, म्हणजे रमाबाई तिथून जायच्या यायच्या तेव्हाही तो होता. मी पुतळ्यापाशी उभी राहून विचार करत होते की पांढरं लुगडं, कडेवर दोन वर्षांची मनोरमा, वय पंचवीस, आईबाप दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, नवरा लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत गेलेला, आणि ही बाई डॉक्टर व्हायचं म्हणून बोटीने इथवर आली. आणि मग कळलं की कानाने कमी ऐकू येतं, डॉक्टरी जमायची नाही. सोबत आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत, तिने तिथेच वॉन्टेजला जीव दिला. त्यानंतर काही आठवड्यांनी हा बाप्तिस्मा. हे मी मुद्दाम सांगते कारण आमच्याकडे, म्हणजे आमच्या लोकांतही, बाप्तिस्म्याची गोष्ट फार गोड करून सांगायची सवय आहे.

त्यांचं मन कशाने वळलं हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. वॉन्टेजला त्या ज्यांच्याकडे राहत होत्या त्या सिस्टर लोकांनी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती मठातल्या जोगिणींनी, त्यांना लंडनमधे फुलहॅमला नेलं होतं, तिथे समाजाने "वाया गेलेल्या" म्हणून टाकलेल्या बायकांसाठी एक घर होतं. संस्कृतातली सगळी शास्त्रं तोंडपाठ असलेली बाई, तिने असल्या बायकांशी कोणी मायेने वागताना पाहिलं नव्हतं. तिने विचारलं, तुम्ही ख्रिस्ती लोक हे का करता? तर एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो तो. पाच नवरे झालेली, परक्या जातीची, भर दुपारी एकटी आलेली बाई, आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. झालं. तत्त्वज्ञानाच्या चर्चा रमाबाईंनी पुढे पुष्कळ केल्या, त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा, यावर वगैरे तर सिस्टर लोकांचं डोकं खाल्लं, पण पहिलं पाऊल त्या विहिरीपाशी पडलं. आणि पुढे केडगावला त्यांनी असल्याच बायकांसाठी वेगळं घर काढलं, कृपा सदन. फुलहॅममधे जे पाहिलं ते दौंड तालुक्यात करून दाखवलं.

आता मला जे आवडतं ते सांगते. धर्म बदलला म्हणजे बाईंनी मान खाली घातली असं कोणाला वाटत असेल तर वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डिनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार बघा. मांसमच्छी खाणार नाही म्हणाल्या, शेवटपर्यंत खाल्लं नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, घालायची तर संस्कृत घाला म्हणाल्या. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमधे संस्कृत शिकवत होत्या, तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा प्रश्न आला तर हिंदुस्थानातले बिशप म्हणायला लागले की बाईमाणसाने पुरुषांना शिकवू नये, त्यावर ह्या भडकल्या. भारतातल्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टाने नुकतंच मानेवरून काढलंय, आता तसलंच दुसरं घालून घेणार नाही, अशा अर्थाचं सरळ लिहिलं. पंचविशी ओलांडलेली बाई, ज्यांच्या घरात राहते, ज्यांचं अन्न खाते, ज्यांच्यावर पोरीची जबाबदारी टाकलीय, त्यांनाच असं लिहिते! आपण इथे व्हिसा हातात येईपर्यंत मॅनेजरला साधं नाही म्हणत नाही.

मग अमेरिका. ११ मार्च १८८६ला आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली, त्या समारंभाला गेल्या आणि तिथेच दोन वर्षांहून जास्त राहिल्या, गावोगाव भाषणं केली, पैसे उभे केले. बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ला, मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन निघालं. विधवांसाठी शाळा आणि राहायची सोय. सुरुवातीच्याच मुलींमधे एक गोदूबाई जोशी होत्या, त्यांचं पुढे १८९३ला धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, म्हणजे आपल्या बाया कर्वे. हिंगण्याचं सगळं काम आपण अण्णांच्या नावाने ओळखतो, बायांचं बोट आधी कोणी धरलं होतं ते विसरतो.

इथे थोडं बाजूला जाते. मागच्या जानेवारीत आपलं हळदीकुंकू ह्याच हॉलमधे झालं. आपल्यातल्या एक काकू दरवेळी त्या वेळेला किचनमधे कॉफी करत थांबतात, कोणी त्यांना तसं सांगितलेलं नाही, त्या आपल्या आपण थांबतात. ह्या वेळी आपल्या ढोलपथकातली एक मुलगी ताट घेऊन सरळ आत गेली आणि म्हणाली काकू इकडे बघा. आणि लावलं कुंकू. दूध उतू गेलं, गॅसवर सगळं करपलं, स्मोक अलार्म वाजला, केअरटेकर धावत आला. ती मुलगी इथे बसलीय, लाजू नको. मला हे पाहून शारदा सदन आठवलं, बाकी काही म्हणायचं नाही.

तर ते दार. शारदा सदन पुण्याला आलं १८९० मधे. ठरलेलं असं होतं की इथे धर्म शिकवायचा नाही, ब्राह्मण घरच्या मुलींना त्यांचे सोवळ्याओवळ्याचे नियम पाळता येतील. रमाबाईंनी ते पाळलं. पण त्या स्वतः रोज आपल्या खोलीत मनोरमाला घेऊन प्रार्थना करायच्या आणि दार लावून घ्यायच्या नाहीत. मुली डोकवायच्या, काही आत येऊन बसायला लागल्या. गावात बोभाटा झाला. केसरीतून टीकेची झोड उठली, आणि १८९३ला रानडे आणि भांडारकर, म्हणजे जे पाठीशी उभे होते ते सुधारकसुद्धा सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या.

मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे मी बाईंच्या बाजूने बोलणार हे तुम्ही गृहीत धरलं असेल. पण मला रानड्यांची अडचणसुद्धा कळते. ज्या बापाने चार लोकांच्या शिव्या खाऊन आपली विधवा पोर तिथे ठेवली त्याला ह्यांनी शब्द दिला होता, आणि काही मुली खरंच पुढे ख्रिस्ती झाल्या. दार लावून घेतलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण बाईंचं म्हणणं असं की हिंदू मुलींना त्यांची पूजा करायची मोकळीक आहे ना, मग मी माझ्या घरात माझ्या देवाला चोरून का भेटू? दोन्ही बरोबर आहेत असं मला वाटतं आणि म्हणूनच ते भांडण सुटलं नाही. त्या घरात अर्धी माणसं उरली तरी बाई तिथेच राहिल्या आणि दार उघडंच राहिलं, एवढं मात्र खरं.

पुढचं सगळं तर फारच घाईत घडतं. १८९६-९७चा दुष्काळ. रमाबाईंनी लहानपणी दुष्काळात आईवडील मरताना पाहिले होते, पाला खाऊन दिवस काढले होते, त्यामुळे मध्य प्रांतातल्या बातम्या यायला लागल्यावर त्यांना बसवेना. स्वतः गेल्या आणि तिकडच्या उपाशी मुली-बायका आणायला लागल्या, करता करता तीनशेच्या आसपास. आता गंमत बघा, अमेरिकेचा पैसा होता तो उच्चवर्णीय विधवांसाठी. ह्या मुली कुठल्या कुठल्या जातीच्या, विधवा नसलेल्या, अंगावर कातडं आणि हाडं, खरजेने भरलेल्या. ह्यांचं कुठल्या हिशोबात लिहायचं? त्यात पुण्यात प्लेग, एवढी माणसं शहरात ठेवायची नाहीत असा हुकूम. मग केडगावला जी जमीन फळबागेसाठी म्हणून आधी घेऊन ठेवली होती तिथे तंबू ठोकले, झापांच्या झोपड्या घातल्या, विहिरी खोदल्या. झाली मुक्ती. शारदा सदनात जे सोवळं सांभाळलं होतं ते इथे एका पंगतीत बसलं. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं झाली. दोन हजार! आपल्याला दिवाळीला दोनशे माणसांचं केटरिंग ठरवताना तीन मीटिंगा लागतात.

आणि त्याच प्लेगच्या वर्षी पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात बायकांचे काय हाल होतात हे त्यांनी पेपरात पत्र लिहून चव्हाट्यावर आणलं, त्यांच्याकडची एक मुलगी तिकडे गेली ती हाती लागली नाही. गव्हर्नर सँडहर्स्टने ते खोडून काढायचा प्रयत्न केला. म्हणजे सनातनी आधीच नाराज, सुधारक नाराज, वॉन्टेजच्या सिस्टर नाराज, आता सरकारही. त्याच सरकारने १९१९ला कैसर-ए-हिंद पदक दिलं ते वेगळं.

शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतरात गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, उतारवयात, बहिऱ्या कानांनी. कारण काय तर चालू भाषांतर खेड्यातल्या बाईला समजत नव्हतं, संस्कृत शब्दांनी जड झालेलं. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटलं ती बाई संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढत बसली! आणि छापखाना तिथलाच, खिळे जुळवणाऱ्या बायका दुष्काळातून आणलेल्या. आजी सांगायची की त्या बायकांची नखं कायम काळी असायची आणि त्यांना अक्षरं उलटी वाचायची इतकी सवय की सरळ पुस्तक हातात दिलं तर क्षणभर थांबायच्या. मनोरमा १९२१ला आईच्या आधी गेली. भाषांतर बाईंनी पुरं केलं, सगळं बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ला, त्यांच्या मागे.

आता माझ्यावर येते, नाहीतर म्हणाल दुसऱ्याच्या धैर्यावर भाषण ठोकून गेली. इथे मी ज्या चर्चला जाते तिथे मागच्या वर्षी जवळच्या हॉटेलात ठेवलेली आश्रय मागणारी तीन पोरं यायला लागली, सुदानची. उपासना झाल्यावर चहा असतो, किटली माझ्या हातात. रांगेतलं कोणीतरी, चांगलं ओळखीचं माणूस, हळू आवाजात म्हणालं की हे काय फक्त बिस्किटांसाठी येतात. आणि मी, मुक्तीच्या पोरीची नात, कसनुशी हसले. हो, हसले. काही बोलले नाही. त्या पोरांना इंग्रजी येत होतं, तिघांनीही ऐकलं. पुढच्या रविवारी कोणी आलं नाही.

दोन आठवडे मला झोप लागेना. नाइट ड्युटी करून आले तरी लागेना. शेवटी हॉटेलच्या रिसेप्शनला जाऊन उभी राहिले, तो माणूस म्हणे नावं सांगा, मला नावं कुठे माहीत, चहा तेवढा दिलेला. दोघांना दुसऱ्या गावी हलवलं होतं. तिसरा होता. मी त्याला सॉरी म्हटलं, तो म्हणाला इट्स ओके आंटी, जे आपली पोरं म्हणतात तसंच. आणि ज्या माणसाने ते वाक्य टाकलं त्याच्याशीही मी बोलले, ते फार काही चांगलं झालं नाही, आता आम्ही लांब लांब बसतो.

पोरगा येतो अजून. त्याला चहात चार चमचे साखर लागते.