पैशाची गरज कुठे संपेल आणि कुठे उरेल

श्रोतेहो, नमस्कार. 1884 साली अमेरिकेतील वॉशिंग्टन स्मारक बांधून पूर्ण झाले, तेव्हा त्या उंच दगडी स्तंभाच्या अगदी टोकावर तीन किलोहूनही कमी वजनाचा ॲल्युमिनियमचा एक लहानसा सुळका बसवण्यात आला. ॲल्युमिनियम त्या काळी जवळपास चांदीच्या भावाने विकले जात असे. दोनच वर्षांनी अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांशी काहीही संबंध नसताना, विजेच्या साहाय्याने हा धातू वेगळा करण्याची एकच रीत शोधून काढली आणि त्याचा भाव कोसळला. आज त्याच धातूच्या पातळ पत्र्यात आपण अन्न गुंडाळतो आणि तो पत्रा फेकून देतो. भूगर्भातील साठा तर तेवढाच होता. वाढले होते ते माणसाचे ज्ञान.

जी वस्तू सर्वांना पुरत नाही, तिचे वाटप करण्यासाठी मुख्यतः पैसा लागतो. तंत्रज्ञान एकेक वस्तू या टंचाईतून बाहेर काढते. ज्ञानकोशाचे जाडजूड खंड विकत घेणे ही एके काळी मोठ्या खर्चाची बाब होती. 2001 मध्ये विकिपीडिया सुरू झाला आणि 2012 मध्ये ब्रिटानिकाने आपली छापील आवृत्ती बंद केल्याचे जाहीर केले. माहितीची पहिली प्रत तयार करायला कष्ट पडतात, मात्र दुसरी प्रत जवळजवळ फुकट पडते. हे भौतिक वस्तूंच्या बाबतीत घडत नाही, असा आक्षेप घेतला जातो आणि तो बराचसा खराही आहे. तरीही सौर पटलांची किंमत 1970 च्या दशकाच्या मध्यापासून 99 टक्क्यांहून अधिक उतरली आहे, आणि समुद्राचे पाणी गोडे करण्यापासून खत बनवण्यापर्यंतच्या कितीतरी कामांत ऊर्जा हाच मोठा खर्च असल्यामुळे, वीज स्वस्त झाली की त्यांचाही खर्च खाली येऊ शकतो. त्यात माणसाचे श्रम यंत्रे करू लागली, तर अन्न, वस्त्र आणि औषध यांसाठी पैशाची चिंता करावी लागणार नाही, ही कल्पना अगदीच स्वप्नाळू म्हणता येणार नाही.

अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी 1930 मध्ये असेच भाकीत केले होते. शंभर वर्षांनी आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेल, असे त्यांनी म्हटले होते. प्रगत देशांतील उत्पन्नवाढीचा त्यांचा अंदाज पुष्कळसा बरोबर ठरला, कामाच्या तासांचा मात्र साफ चुकला. याचे एक कारण असे की काही गोष्टी कितीही यंत्रे आणली तरी वाढत नाहीत. मोक्याची जागा एकच असते, पहिला क्रमांकही एकालाच मिळतो. इतर वस्तू स्वस्त झाल्या की शिल्लक राहिलेला पैसा अशाच गोष्टींच्या मागे धावतो आणि त्यांचे भाव चढतात. माझ्या मते पैसा नाहीसा होणार नाही. तो गरजांकडून प्रतिष्ठेकडे सरकेल. तेवढे झाले तरी पुष्कळ झाले.

पण तेवढे तरी होईल का, हे यंत्रे कोणाच्या मालकीची आहेत यावर अवलंबून आहे. बहुतेकांच्या हाती पैसा येतो तो मजुरीतून किंवा पगारातून. यंत्राने वस्तू स्वस्त केली आणि त्याच वेळी माझे कामही काढून घेतले, तर त्या स्वस्त वस्तूसाठी लागणारे चार पैसेही मला भारी पडतील. म्हणजे ज्याच्यासाठी पैशाचे महत्त्व कमी व्हायचे, त्याच्याचसाठी ते वाढेल.

यावर निदान एक वाट माणसाने चालून पाहिली आहे. अलास्का राज्याने तेलाच्या उत्पन्नातून एक कायमस्वरूपी निधी उभारला आणि 1982 पासून त्यातील लाभांश तेथील पात्र रहिवाशांना, ते काम करोत वा न करोत, दरवर्षी वाटला जातो. ही रक्कम संसार चालावा एवढी नसते, आणि ती किती असावी यावरून तिथे राजकीय भांडणेही होतात. तेलाच्या जागी यंत्रांचे उत्पन्न आले, तर ही भांडणे अधिक मोठी होतील. पण ती यंत्रे सर्वत्र पसरण्याआधीच झालेली बरी, कारण नंतर वाटा मागणाऱ्यांच्या हाती संपाचे हत्यारही उरलेले नसेल.