ओली गाडी, कोरडी गाडी

राम राम मंडळी! लातूरच्या आडतीवर सोयाबीन नेलं की व्यापारी आधी काय करतो? मूठभर दाणे मशीनमध्ये टाकून ओलावा बघतो. बाराच्या वर गेला की भाव कापला. बाईकच्या बाजारात उलटं. तिथं ओलावा काढून वजन सांगतात आणि आपण मान डोलावतो.

परवा एक पोरगा म्हणाला, "भाऊ, एक गाडी 181 किलोची, दुसरी 190 ची. हलकी घेऊ ना?" मी म्हटलं, थांब जरा, 181 कोणतं?

त्याची 181 वाली म्हणजे रॉयल एनफिल्डची हिमालयन 450. ड्राय वेट, म्हणजे कोरडं वजन, 181 किलो. कर्ब वेट, म्हणजे पेट्रोल-ऑइल भरून चालायला तयार गाडीचं ओलं वजन, 196. गाडी तीच! मग मधले 15 किलो कुठले? टाकी आहे 17 लिटरची. कर्ब मोजताना ती 90 टक्के भरलेली धरतात, म्हणजे सव्वापंधरा लिटर. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण 740 ग्रॅम. झाले सव्वाअकरा किलो. उरलेलं वजन इंजिन ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) वगैरेचं. आता त्या पोराची 190 वाली जर कर्बवर असेल, तर हलकी तीच. तीही 6 किलोनं!

स्प्लेंडरला एवढा घोळ नाही. कर्ब 112, टाकी 9.8 लिटर, इंजिन हवेवरच थंड होतं, म्हणून कूलंटचा प्रश्नच नाही. डुकाटीवाल्यांचं तिसरंच: ऑइल-कूलंट धरतात, पेट्रोल सोडतात. पेट्रोलशिवाय कुठं जायचंय, देव जाणे.

म्हणून शोरूममध्ये दोनच गोष्टी विचारा: कर्ब किती आणि टाकी किती लिटरची. कोरडा आकडा कोरड्याशी, ओला ओल्याशी.

आणि पेट्रोल बसतं वर, टाकीत. गाडी उभी असताना ते कळत नाही, आडवी झाली की कळतं. मागच्या पावसाळ्यात औशाकडच्या एका शेतरस्त्यावर माझी झाली, नुकतीच टाकी फुल करून निघालो होतो. काळ्या मातीत पाय रुततोय, गाडी हलेना. मी हँडल धरून जोर लावतोय, मागून एक काका आले, बघत उभे राहिले. म्हणाले, "आरं, आधी मडगार्डातला चिखल काढ की. त्यानंच दहा किलो धरलंय."