हळू चालणारी होंडा

होंडा अमेरिकेत आली १९५९ साली. कंपनीची नजर होती लॉस एंजेलिससारख्या शहरांवर. सुटसुटीत, अंगानं हलकी, पाय वर न टाकता बसता येणारी पन्नास सीसीची गाडी शहरातच खपणार, असा त्यांचा हिशेब. विक्रीचे आकडे मात्र भलतंच सांगत होते. आयडाहो राज्यातल्या बॉइझी गावचा एकटा विक्रेता लॉस एंजेलिसच्या सहा विक्रेत्यांना पुरून उरला होता.

या विक्रेत्याचं नाव हर्ब उल. त्यानं गाडीला मागे मोठं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरते ते दातेरी चाक, आणि खोल खाचांचे टायर बसवले. वेग गेला, पण चढावरची ओढ आली. बॉइझीभोवती सगळे डोंगर, त्यामुळे गिऱ्हाईक शोधत जावं लागलं नाही. शिकारी आणि मासे धरणारेच दुकानात येऊ लागले. होंडानं ही युक्ती उचलली आणि १९६१ मध्ये कारखान्यातूनच ‘ट्रेल ५०’ बाहेर काढली. बाजार कुठे आहे, हे कंपनीला गिऱ्हाइकानं शिकवलं, असंच म्हणायचं.

शिकाऱ्यांमध्ये खरी रुजली ती पुढची ‘ट्रेल ९०’, म्हणजेच सीटी ९०. ती १९६६ ते १९७९ या काळात बनत होती. इंजिन ८९ सीसी, ताकद जेमतेम सात अश्वशक्ती, आणि क्लचचा लिव्हरच नाही. सुरुवातीच्या गाड्यांचं मागचं चाक जवळून बघा. एकाला लागून एक, लहान-मोठी दोन स्प्रॉकेट दिसतील. डांबरी रस्ता संपला की खाली उतरायचं, चेन सोडायची, तिला जास्तीचा तुकडा जोडायचा आणि ती मोठ्या स्प्रॉकेटवर चढवायची. ऑक्टोबरातल्या थंडीत, गारठलेल्या बोटांनी! १९६९च्या मॉडेलपासून ही कटकट संपली. इंजिनाखाली एक छोटा लिव्हर आला. तो फिरवला की सगळे गिअर खालच्या पट्टीत जातात, वेग जवळपास निम्मा होतो आणि ओढ वाढते.

सायलेन्सर वर उचललेला, म्हणजे ओढ्यातून जाताना पाण्याबाहेर राहतो. त्यात ठिणग्या अडवणारी जाळीही असते, कारण शरद ऋतूतलं वाळलं गवत पेटायला वेळ लागत नाही. आणि मागे लांबरुंद कॅरिअर. दुधाचे कॅन लादलेली एम-एटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कॅरिअरची किंमत वेगळी सांगायला नको.

कारण शिकारीत खरी दमछाक गोळी लागल्यानंतर सुरू होते. एल्क हे आपल्या सांबराच्याच कुळातलं, पण त्याहून थोराड जनावर. मोठा नर तीनशे किलोच्या पुढे जातो. तो अख्खा कोण उचलणार? जागेवरच तुकडे करून, हाडं काढून मांस पोत्यांत भरायचं, पाठीवर टाकून वाटेपर्यंत आणायचं आणि मग गाडीवर लादून खेपा करायच्या. एकाच खेपेत सगळं रचलं तर चढावर पुढचं चाक उचलतं आणि उतारावर ओझं मानेवर येतं.

गाडी शिकाऱ्याला नेते ती वाटेपर्यंतच. आयडाहोत गाडीवरून शिकार करायला बंदी आहे. अपवाद आहे तो अपंगांसाठीच्या खास परवान्याचा. शिवाय १९६४च्या कायद्यानं राखलेल्या रानात इंजिन न्यायलाच मनाई. तिथे आजही घोडे आणि खेचरंच मांस वाहतात. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशानं उरलेल्या सरकारी जमिनींवरही अशा गाड्यांच्या वाटा आखून द्यायला सुरुवात झाली. त्याच वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१च्या दुरुस्तीनं परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद केली.

होंडा काही एकटी नव्हती. अमेरिकेतल्याच युटा राज्यात बनलेली ‘टोट गोट’ होती, आणि दोन्ही चाकांना इंजिनची ताकद देणारी ‘रोकॉन’ तर आजही बनते. तिची चाकं ड्रमसारखी पोकळ, आत पाणी किंवा पेट्रोल भरता येतं. चिखलात रोकॉन सरस, यात वाद नाही. पण जंगलात जाऊन पुन्हा गावात किराणा आणायलाही जमेल अशी गाडी म्हणजे होंडाच.

२०२० मध्ये होंडानं सीटी १२५ आणली. दिसायला थेट जुन्या ट्रेलसारखी, फक्त खालच्या पट्टीचा तो लिव्हर नाही. चढावर ओझं ओढायचं असेल तर जुनीच बघावी. घेताना रंग आणि क्रोमकडे नंतर पाहिलं तरी चालेल. आधी इंजिनाखाली हात घालून लिव्हर फिरतो का ते तपासा, मग गाडी खालच्या पट्टीत टाकून चढावर नेऊन बघा. गिअर सुटत असेल तर किंमत पाडून मागा.