घास अडकतो तेव्हा: अन्ननलिकेच्या कर्करोगावरील दुर्बिणीची शस्त्रक्रिया

रत्नागिरी असो वा सिंधुदुर्ग, अन्ननलिकेच्या कर्करोगाची पहिली खूण बहुधा ताटावरच दिसते. आधी भाकरीचा घास छातीत अडकतो, मग भात पाण्याबरोबर उतरवावा लागतो आणि शेवटी नुसती पेजच काय ती घशाखाली जाते. पित्त असेल म्हणून महिने निघून जातात. तंबाखू, मशेरी किंवा दारूची सवय असलेल्यांनी तरी ते दवडू नयेत.

सुमारे 25 सेंटीमीटर लांबीची ही नलिका श्वासनलिका आणि हृदयाच्या मागून, पाठीच्या कण्याला लागून उतरते. तिथवर पोहोचण्यासाठी पूर्वी बरगड्या फाकवून छाती उघडावी लागे. त्या जखमेच्या वेदनेमुळे रुग्णाला मोकळेपणाने खोकता येत नसे, कफ साठे आणि न्यूमोनियाची भीती असे.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया वेगळ्या वाटेने जाते. रुग्णाला पालथे झोपवले जाते. उजव्या बरगड्यांमधल्या छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि लांब उपकरणे आत जातात. हलक्या दाबाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे फुप्फुस आपोआप बाजूला सरते. अन्ननलिकेवरून आडवी जाणारी अझायगस शीर बंद करून कापली जाते. मग सर्वांत नाजूक काम: आवाजाच्या नसेला धक्का न लावता तिच्या कडेच्या लसिकाग्रंथी, म्हणजे कर्करोग जिथे पसरू शकतो त्या छोट्या गाठी, काढणे. त्यानंतर रुग्णाला उताणे करून, पोटातही दुर्बिणीनेच जठर मोकळे केले जाते, स्टेपलरने त्याची अरुंद नळी घडवली जाते आणि काढलेल्या अन्ननलिकेच्या जागी ती वर ओढून मानेत जोडली जाते.

युरोपातील एका चाचणीचे निष्कर्ष 2012 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग खुल्या शस्त्रक्रियेनंतर 29 टक्के रुग्णांना, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर 9 टक्के रुग्णांना झाला. हा फरक मोठा आहे. तरीही छिद्रे लहान म्हणून शस्त्रक्रिया लहान ठरत नाही. मानेतला जोड गळण्याचा धोका इथेही असतोच. म्हणूनच, मुंबईची खेप आणि तिथल्या मुक्कामाचा खर्च कोकणातल्या कुटुंबाला कितीही जड वाटला, तरी ही शस्त्रक्रिया जिथे नेहमी होते, तेच रुग्णालय निवडावे, असे आम्हाला कळकळीने सांगावेसे वाटते.

शस्त्रक्रियेआधी अनेकांना केमोथेरपी, काहींना रेडिएशनही दिले जाते. त्याच काळात तंबाखू पूर्ण सोडावा आणि चेंडू वर उचलणाऱ्या उपकरणावर श्वासाचा व्यायाम रोज करावा. नंतर काही आठवडे आतड्यात बसवलेल्या नळीतूनही आहार द्यावा लागू शकतो. पुढे दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खावे, जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये आणि झोपताना डोक्याची बाजू उंच ठेवावी. ताप आला, धाप लागली किंवा घास पुन्हा अडकू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.