मागच्या चाकाचा हिशेब : बेताच्या खर्चात फुल सस्पेन्शन सायकल

पुण्यातल्या सायकलच्या दुकानांत शिरलात तर दर्शनी भागात एक सायकल हमखास उभी दिसते. जाड टायर, भडक रंग आणि सीटखाली ठसठशीत दिसणारी एक स्प्रिंग. दुकानदार तिला ‘डबल शॉकर’ म्हणतात, किंमत दहा-पंधरा हजारांच्या घरात असते, आणि सीटवर हात ठेवून दाबले की ती गादीसारखी खाली जाऊन वर येते, त्यामुळे मुलांबरोबर पालकही भुलतात. आजचे व्याख्यान त्या सायकलीविषयी नाही, खऱ्या फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना धक्के झेलणारी रचना असलेल्या, सायकलीविषयी आहे. तरीही सुरुवात तिच्यापासून करते आहे, कारण तिच्यात काय नाही हे नेमके कळले, तर दीड-दोन लाखांच्या सायकलीत आपण कशाचे पैसे मोजतो हे समजायला सोपे जाते.

त्या सायकलीत स्प्रिंग आहे, पण डॅम्पर, म्हणजे उसळी जिरवणारा भाग, नाही. दगडावर चाक आदळले की स्प्रिंग दाबली जाते आणि जेवढी दाबली गेली तेवढ्याच जोराने परत उसळते. धक्का नाहीसा होत नाही, क्षणभर लांबणीवर पडतो. खऱ्या शॉकमध्ये स्प्रिंगच्या, किंवा तिच्या जागी असलेल्या दाबलेल्या हवेच्या, जोडीला तेल असते. ते तेल बारीक छिद्रांतून आणि लवचिक चकत्यांमधून ढकलले जाते आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. लांब उताराच्या शेवटी शॉकला हात लावून पाहिलात तर तो कोमट लागतो. हा तेलाचा भाग नसला तर मागचे चाक खेचराने लाथ झाडावी तसे वर येते आणि स्वार पुढच्या हँडलवर फेकला जातो.

यातूनच आणखी एका गैरसमजाकडे यावे लागते. मागचे सस्पेन्शन पाठीच्या आरामासाठी असते असे बहुतेकांना वाटते. आराम मिळतो हे खरे, पण तो जोडफायदा आहे. मुख्य काम चाक जमिनीला चिकटवून ठेवणे हे. सह्याद्रीतल्या एखाद्या वाटेवर मुरुमाचा घसारा चढताना मागचे चाक क्षणभर जरी हवेत गेले तरी ते जागच्या जागी फिरते आणि पाय टेकावा लागतो. उतरताना तेच चाक हवेत असेल तर ब्रेक दाबून उपयोग नसतो. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव कुल्हावी याने माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री शर्यतीचे सुवर्णपदक फुल सस्पेन्शन सायकलवर जिंकले. शर्यतीतला माणूस आरामासाठी जादा वजन वाहून नेत नाही.

आता मी स्वतःच्याच विषयाविरुद्ध थोडे बोलणार आहे. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना या सायकलीची गरज नसावी असा माझा अंदाज आहे. कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता, शेतातली गाडीवाट, रविवारी एखाद्या गडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत येणे, एवढाच बेत असेल तर फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन, म्हणजे दबणाऱ्या नळ्यांचा फोर्क, असलेली हार्डटेल सायकल घ्यावी. तेवढ्याच पैशांत तिला अधिक चांगला फोर्क आणि अधिक चांगले ब्रेक मिळतात, ती एक-दीड किलोने हलकी असते आणि पावसाळ्यानंतर तिची फारशी चाकरी करावी लागत नाही. उलट, बेसाल्टच्या पायऱ्या-पायऱ्यांची उतरण, सुटे धोंडे, झाडांची मुळे अशा वाटांवर तुम्ही महिन्यातून तीन-चारदा जात असाल, आणि हार्डटेलवर तिथे तुमचा वेग मागच्या चाकामुळे अडतो आहे असे तुम्हाला स्वतःला जाणवले असेल, तर पुढचा हिशेब तुमच्यासाठी आहे.

बजेट मध्यम म्हणजे किती, हे सांगायला हवे. मी दीड ते सव्वादोन लाख रुपये धरते आहे. ही रक्कम आपल्याकडे मध्यम वाटत नाही, याची मला कल्पना आहे. पण या वर्गातल्या सायकली बहुतांशी आयात होतात, आणि 2023 च्या अर्थसंकल्पात सायकलींवरचे आयातशुल्क 30 टक्क्यांवरून 35 टक्के झाले होते. त्यामुळे परदेशी परीक्षणात ‘स्वस्त आणि मस्त’ म्हणून गौरवलेली सायकल इथे तशी राहत नाही. जायंटची स्टान्स, पॉलिगॉनची सिस्किउ, मरीनची रिफ्ट झोन ही या वर्गातली ओळखीची नावे. तिन्ही ॲल्युमिनियमच्या, तिन्हींचा मागचा प्रवास 120 ते 140 मिलिमीटरच्या आसपास. प्रवास म्हणजे चाक किती वर-खाली जाऊ शकते ते अंतर. आपल्या वाटांना एवढे पुरते. 160-170 मिलिमीटरच्या सायकली मुख्यतः अवघड उतारांसाठी, बऱ्याचदा रोपवेच्या खुर्चीत बसून डोंगरावर जाऊन उतरणाऱ्यांसाठी असतात. आपल्याला प्रत्येक उतार आधी पायांनी कमवावा लागतो.

या रकमेत प्रत्येक उत्पादकाला कुठेतरी काटकसर करावीच लागते, आणि ती कुठे केली आहे हे ओळखणे हीच सगळी परीक्षा आहे. माझा निकष एकच आहे: जे पुढे बदलता येणार नाही त्यात काटकसर नको. गिअर, सीट, हँडल, टायर, पायडल हे सगळे झिजणारच आहे आणि झिजल्यावर बदलता येणार आहे. फ्रेम मात्र आहे तीच राहते, आणि फ्रेमबरोबर तिचे कोन, तिच्या मागच्या एक्सलची रुंदी आणि शॉकचे माप याही गोष्टी कायमच्या तुमच्या घरी येतात.

कोनांपैकी दोन पाहावेत. पुढच्या फोर्कचा जमिनीशी कोन 65 ते 67 अंशांत असावा. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या सायकलींत तो 69-70 असे, आणि तीव्र उतारावर ती सायकल आपल्याला पुढे ओतते आहे असे वाटे. सीटच्या नळीचा कोन 75 अंशांहून जास्त असावा, म्हणजे चढावर वजन मागच्या चाकाच्या फार मागे जात नाही. मापाच्या बाबतीत ‘मीडियम’, ‘लार्ज’ या अक्षरांवर विसंबू नये. एका कंपनीची मीडियम दुसरीच्या स्मॉलएवढी असू शकते. ‘रीच’ हा आकडा पाहावा. पायडलवर उभे राहिल्यावर तुमच्यापासून हँडल किती दूर असेल ते तो सांगतो. एक्सल मागे 148 मिलिमीटरचा, म्हणजे बूस्ट मापाचा, असावा. हाताच्या खटक्याने चाक सुटणाऱ्या जुन्या क्विक-रिलीजच्या मापाची फ्रेम घेतलीत, तर उद्या रिम वाकल्यावर चांगले चाक शोधत फिरावे लागेल.

मागच्या जोडणीच्या प्रकारांवर सायकलवाले तासन् तास वाद घालतात. एका बिजागरीवर फिरणारी साधी रचना, चार दांड्यांची हॉर्स्ट-लिंक रचना, दोन आखूड दुव्यांवर तरंगणारी रचना. हॉर्स्ट लाइटनर यांच्या त्या रचनेचे पेटंट बरीच वर्षे स्पेशलाइज्ड कंपनीकडे होते. त्याची मुदत संपल्यावर ती स्वस्त सायकलींतही सर्रास आली, हे आपल्या दृष्टीने चांगलेच झाले. तरीही चांगली जमवलेली साधी बिजागरी ही घाईने जमवलेल्या चार दांड्यांपेक्षा बरी, आणि तिच्यात बेअरिंगही कमी.

बेअरिंग या विषयावर मात्र मी रेंगाळणार आहे, कारण माहितीपत्रकांत त्याविषयी चकार शब्द नसतो. सस्पेन्शनच्या सांध्यातले बेअरिंग पूर्ण फिरत नाही, काही अंशांतच मागे-पुढे होते. त्यामुळे सगळा भार त्याच त्या दोन-चार गोळ्यांवर येत राहतो आणि ग्रीस बाजूला सरकते. त्यात आपला पावसाळा आणि काळ्या मातीचा चिखल. म्हणून या सांध्यांत बऱ्याचदा आतली जाळी काढून गोळ्यांनी पूर्ण भरलेले बेअरिंग वापरतात. खरेदीपूर्वी दुकानदाराला सांध्यांतल्या बेअरिंगचे क्रमांक विचारा. 6902 सारखा, म्हणजे आत 15, बाहेर 28 आणि रुंदी 7 मिलिमीटर असा प्रचलित क्रमांक असेल, तर त्या मापाचे बेअरिंग कोणत्याही बऱ्या बेअरिंगच्या दुकानात मिळते. ‘कंपनीकडून मागवावे लागेल’ असे उत्तर आले, तर किती दिवसांत, हेही तिथेच विचारा.

शॉकचा हिशेब शाळकरी आहे. समजा शॉकची दांडी 50 मिलिमीटर दबते आणि मागचे चाक 130 मिलिमीटर उचलले जाते. म्हणजे तरफेचे प्रमाण सरासरी 2.6 झाले आणि चाकावरचा भार शॉकवर तेवढ्या पटीने पडतो. म्हणूनच त्यात टायरच्या कितीतरी पट हवा, बऱ्याचदा 200 पीएसआयच्या आसपास, भरावी लागते आणि तिला वेगळा पंप लागतो. तुम्ही नुसते सीटवर बसल्यावर शॉक साधारण 30 टक्के, म्हणजे इथे 15 मिलिमीटर, दबलेला असावा. याला सॅग म्हणतात. हे जमवता यावे म्हणून शॉक आणि फोर्क दोन्ही हवेचेच घ्यावेत असे मी आग्रहाने सांगते. माझे वजन 54 किलो. कॉइल स्प्रिंगचा फोर्क ज्या सरासरी वजनाच्या स्वारासाठी बनवतात त्याच्यापुढे मी हलकी पडते, त्यामुळे अशा फोर्कचा निम्मा प्रवास मला कधी मिळालाच नाही. शंभर किलोच्या माणसाची अडचण नेमकी उलटी असते.

फोर्क 120 मिलिमीटरहून अधिक प्रवासाचा असेल तर त्याच्या नळ्या 34 किंवा 35 मिलिमीटर जाडीच्या असाव्यात आणि एक्सल आरपार जाणारा असावा. ब्रेक हायड्रॉलिक डिस्क, त्याहून अधिक चिकित्सा नको. गिअरच्या बाबतीत दुकानदार पहिला आकडा ‘बारा स्पीड’ असा सांगतो. शिमानो डिओरचे बारा गिअर खरोखर चांगले आहेत. पण त्यांच्या सर्वांत लहान चक्राला दहा दाते असतात आणि त्यासाठी मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, मायक्रो स्प्लाइन नावाची वेगळी कंगोऱ्यांची घडण लागते. डिओरच्याच अकरा गिअरचा 11-51 दात्यांचा संच जुन्या घडणीच्या साध्या हबवर बसतो. आपल्या चढांना ते 51 दाते कामाला येतात, बारावा गिअर नव्हे. सीट हँडलवरच्या कळीने खाली-वर होणारी, म्हणजे ड्रॉपर, असेल तर तिच्यासाठी एक गिअर कमी पत्करावा.

जुनी सायकल घ्यावी का, हा प्रश्न नेहमी येतो. मी घेतली होती. 26 इंची चाके, उत्तम निगा, किंमत अर्धी. आठ महिन्यांनी शॉकमधून तेल झिरपू लागले, तेव्हा कळले की त्या फ्रेमला उत्पादकाने स्वतःच्याच मापाचा, दुसरा कोणताही न बसणारा शॉक लावला होता आणि तो बनणे कधीच बंद झाले होते. फ्रेम अजून आमच्या पोटमाळ्यावर आहे. म्हणून जुनी सायकल पाहताना आधी शॉकचे माप वाचा. 210 गुणिले 50 (लांबी गुणिले दबण्याचे अंतर, मिलिमीटरमध्ये) सारखे 2016 नंतरचे मेट्रिक माप असेल तर पुढे बोला. मग सीट धरून मागचे चाक किंचित उचला. चाक जमीन सोडण्याआधी हाताला ‘टक्’ असा ढिलेपणा जाणवला तर सांधे किंवा शॉकचे बुश गेले आहेत. फोर्कच्या नळ्यांवरून नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर सील टिकणार नाही. वेल्डच्या कडेला रंगात केसासारखी रेघ दिसली, तर किंमत कितीही उतरली तरी निघून या.

नव्या सायकलीच्या बाबतीत दुकानात एवढे तरी करून घ्या: तुमच्या वजनाला हवा भरून सॅग जमवायला सांगा. जो दुकानदार पंप शोधायला आत जाऊन दहा मिनिटांनी रिकाम्या हाताने परत येतो, त्याच्याकडे सहा महिन्यांनी सील बदलून मिळणार नाही. फोर्कच्या खालच्या नळ्या उघडून तेल बदलणे साधारण 50 तासांच्या वापरानंतर येते, म्हणजे दर रविवारी तीन तास फिरणाऱ्याला चार महिन्यांनी. हा खर्च आणि पंप, हेल्मेट, गुडघ्याचे कवच, चांगले ट्यूबलेस टायर यांसाठी एकूण रकमेतले पंधरा-वीस हजार आधीच बाजूला काढावेत. सायकल गल्लीत फिरवून पाहणे पुरेसे नसते. फूटपाथच्या कडेवरून बसल्या बसल्या, पायडल न मारता खाली उतरा. मागचा भाग एकदा दबून वर आला आणि तिथेच थांबला तर रिबाउंड, म्हणजे परत वर येण्याचा वेग, बरोबर आहे. दोन-तीनदा डोलला तर शॉकवरची लाल कळ कासवाच्या चित्राकडे एक-एक टिचकी फिरवत जा आणि पुन्हा त्याच कडेवरून उतरा.